मुक्या जिवाचे वजन आणि घराची माया

कुत्र्याच्या लठ्ठपणावर लेख? आणि तोही आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंबाच्या पानावर? काही वाचक बंधू-भगिनींच्या कपाळावर आठी पडेल, याची आम्हांला कल्पना आहे. समाजापुढे शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, घरांचे प्रश्न आ वासून उभे असताना हे काय मध्येच काढले, असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आपल्या चाळींतून, वसाहतींतून एक फेरी मारा. दर दोन-तीन मजल्यांमागे एका तरी घराच्या उंबऱ्यावर टोकदार तोंडाचे, पांढऱ्याशुभ्र केसांचे, शेपूट पाठीवर वळवलेले एक लहानसे कुत्रे बसलेले दिसेल. मुलांच्या हट्टापायी ते आणलेले असते, आणि पुढे घरातल्या माणसासारखे होऊन जाते. बऱ्याचदा ते इतके गुबगुबीत झालेले असते की दोन जिने चढले तर धापा टाकते. येणारा-जाणारा कौतुकाने म्हणतो, "खात्यापित्या घरचं दिसतंय!" घरमालकालाही त्यात अभिमान वाटतो. पण ती धाप कौतुकाची नाही, दुखण्याची आहे.

पंचशीलातले पहिले शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. जिवाला इजा करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. काठीने मारले तर इजा झाली हे लहान मुलालाही कळते. बिस्किटाने होणारी इजा मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. बाबासाहेबांनाही कुत्र्यांचा लळा होता, हे त्यांच्या सहवासात राहिलेल्या मंडळींनी लिहून ठेवले आहे. तेव्हा या विषयाला आपल्या पानावर चार रकाने मिळायला हरकत नसावी.

आधी जातीचा एक गैरसमज दूर करू. (जात म्हटल्यावर दचकू नका, कुत्र्यांच्या जातीबद्दल बोलतो आहोत.) आपल्याकडे ज्याला सरसकट 'पॉमेरेनियन' म्हणतात, ते बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसते. ते असते इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन फार लहान असतो, त्याचे वजन साधारण दीड ते सव्वातीन किलो. आपल्याकडच्या लहान स्पिट्झचे निरोगी वजन पाच ते सात किलोच्या आसपास भरते. हे सांगण्याचे कारण असे की, पुस्तकात पॉमेरेनियनचे वजन वाचून कोणी आपल्या स्पिट्झला तीन किलोवर आणायला निघाला, तर तो त्या बिचाऱ्याला उपाशी मारील.

केसांमुळे या कुत्र्यांचा लठ्ठपणा डोळ्यांना दिसत नाही. तो हाताने पाहावा लागतो. आपला डावा हात पालथा करून टेबलावर सपाट ठेवा आणि बोटांच्या पेरांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून उजव्या हाताची बोटे फिरवा. पातळ कातडीखाली हाडे सहज लागतात. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. आता मूठ वळून त्याच हाडांवरून बोटे फिरवा. बरगड्या अशा उंचवट्यासारख्या लागल्या तर कुत्रे रोड आहे. आणि तळहात उताणा करून चाचपल्यावर हाडे जशी मांसाखाली शोधावी लागतात, तशा बरगड्या शोधाव्या लागल्या तर कुत्रे लठ्ठ आहे. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिले असता पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेले दिसावे. पशुवैद्य यालाच एक ते नऊ असे गुण देतात. चार-पाच गुण म्हणजे बरोबर. पाचाच्या वर प्रत्येक गुणामागे वजन साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त आहे असे धरतात.

लठ्ठपणाने नेमके काय होते? या लहान कुत्र्यांच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड मुळातच असते, त्यावर वजन पडले की लंगडणे आले. श्वासनलिका नाजूक असते, ती दबते आणि कुत्रे हंसाने ओरडावे तसे खोकते. दाट केसांमुळे उकाडा आधीच सोसवत नाही, चरबीची गोधडी आतून पांघरली की आणखी सोसवत नाही. आणि आयुष्य कमी होते, हे तर मोजून सिद्ध झाले आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिले गेले. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली, शिवाय त्यांचे सांध्यांचे दुखणेही उशिरा सुरू झाले. लॅब्रेडॉर मोठे कुत्रे झाले. पुढे २०१९ साली बारा जातींच्या पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. त्यात पॉमेरेनियनही होते. सर्व बाराही जातींत लठ्ठ कुत्र्यांचे आयुष्य कमी भरले. कुत्र्याचे आयुष्य ते केवढे, बारा-चौदा वर्षांचे. त्यातली दोन वर्षे म्हणजे किती होतात, ते ज्याने त्याने पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कुत्रे लठ्ठ होते ते कुत्र्यामुळे नव्हे, घरातल्या माणसांमुळे. आणि माणसे खाऊ घालतात ती दुष्टपणाने नव्हे, मायेने. म्हणून हा प्रश्न औषधाच्या गोळीने सुटत नाही.

आमच्या वसाहतीतल्या एका घराचे उदाहरण देतो. घरात पाच माणसे. वडील कामगार, आई एका शाळेत मदतनीस, थोरला मुलगा कॉलेजात, धाकटी मुलगी आठवीत आणि ७८ वर्षांची आजी. सहावी राणी. राणी म्हणजे सहा वर्षांची स्पिट्झ कुत्री, पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया केलेली. अशी शस्त्रक्रिया झाली की कुत्र्याची अन्नाची गरज साधारण पाव हिस्सा कमी होते. शस्त्रक्रिया करावीच, तिचे फायदे पुष्कळ आहेत. मात्र ताट पूर्वीइतकेच राहिले की वजन चढू लागते, आणि हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात राहत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात राणी पलंगावर उडी मारीनाशी झाली. दवाखान्यात वजन भरले ८ किलो ४०० ग्रॅम. पशुवैद्यांनी सांगितले, साडेसहापर्यंत आणा.

दवाखान्याची पायरी आधी चढावी, हे इथेच सांगून टाकतो. पोट फुगलेले कुत्रे प्रत्येक वेळी लठ्ठच असते असे नाही. पोटात पाणी झालेले असू शकते, मादी असेल तर गाभण असू शकते. थायरॉईडचा दोष असेल तर न खाताही वजन वाढते. दुसऱ्या एका विकारात कुत्रे पाणी फार पिते, लघवी फार करते आणि पोट लोंबते. हे तपासल्याशिवाय घरचे उपाय करू नयेत. मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे आपले जुने 'बैलघोडा हॉस्पिटल', सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते गाई-म्हशींसाठीच असतात असे समजून आपली माणसे तिकडे फिरकत नाहीत. कुत्र्यालाही तिथे दाखवता येते.

राणी दिवसभरात काय खाते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. म्हणजे प्रत्येकाला आपण काय दिले तेवढे माहीत होते, बेरीज कोणी केली नव्हती. आमचा पेशा आकडेमोडीचा, त्यामुळे ती आम्ही एका संध्याकाळी बसून केली. सकाळी वडिलांच्या चहाबरोबर ग्लुकोजची चार बिस्किटे. एका बिस्किटात साधारण २५ कॅलरी, म्हणजे १००. आईकडून अर्धी वाटी दूध, ५०. दुपारी आजीच्या ताटातली दीड चपाती, १५० च्या वर. चार वाजता पुन्हा बिस्किटे तीन, ७५. मुलांच्या हातचे वेफर, फरसाण, शेवटचा पावाचा तुकडा, पन्नासेक तरी. रात्री चपाती आणि रश्श्याचे बुडवण, १५०. बेरीज पावणेसहाशेच्या पुढे गेली.

आणि तिची गरज किती? याचे एक सूत्र आहे आणि साध्या कॅलक्युलेटरवर ते करता येते. कुत्र्याचे जे वजन असायला हवे, ते किलोमध्ये घ्या. त्याला त्यानेच दोनदा गुणा. मग वर्गमुळाचे बटण दोनदा दाबा. जो आकडा येईल त्याला ७० ने गुणा. साडेसहा किलोसाठी पाहा : साडेसहाला साडेसहाने दोनदा गुणले की २७४.६ येतात. वर्गमूळ एकदा घेतले की १६.६, दुसऱ्यांदा घेतले की ४.०७. त्याला ७० ने गुणले की २८५. वजन उतरवायचे असेल तेव्हा पशुवैद्य बहुधा या आकड्याच्या आसपास अन्न ठरवतात. म्हणजे राणी गरजेच्या दुप्पट खात होती. त्या घरातल्या मुलीने हे गणित पुन्हा स्वतः करून पाहिले. आमच्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि ते चांगलेच आहे.

इथपर्यंत सोपे होते. अडले ते आजीपाशी.

आजी म्हणाली, "आरं लेकरा, आमी शिळ्या तुकड्यांवर दिस काढलं. बाप येसकराची काठी घेऊन दारोदार भाकर मागाया जायचा, मी त्याच्या मागं टोपली धरून. दारातल्या कुत्र्याला आमच्या आधी टाकायचं लोक. आता माझ्या घरात भरलेली दुरडी हाय, अन् तू मला सांगतोस मुक्या जिवाला देऊ नको?"

यावर काय बोलायचे? १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी ही बाई दहा वर्षांची होती. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण त्या टोपलीची आठवण गेली नाही. ज्या चवदार तळ्यावर गुरे-कुत्री खुशाल पाणी पीत होती, तिथे माणसाला ओंजळ भरायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. त्या पिढीच्या मनात कुत्रा आणि भाकरी यांचे नाते सरळ नाही. तिच्या हाताने कोणी उपाशी राहिले, तर तिला ते पाप वाटते. आपल्या कित्येक घरांत जाड माणूस, जाड मूल, जाड कुत्रे पाहून वडीलधाऱ्यांना बरे वाटते, त्याचे मूळ इथे आहे. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी ती टोपली डोक्यावर घेऊन पाहावी. शिवाय सगळे कामावर गेले की दिवसाचे नऊ तास त्या घरात आजी आणि राणी दोघीच. बिस्किटाचा तुकडा हेच त्यांचे बोलणे.

तिला समजावण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. वर्षावास तोंडावर आला होता, विहारात प्रवचने सुरू व्हायची होती. त्या निमित्ताने राजा पसेनदीची गोष्ट निघाली. संयुक्त निकायात ती आहे. कोसलचा हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा जेवण करून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही. जेवणातली मात्रा ओळखण्याबद्दल एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या मागे उभा होता, त्याने ती पाठ केली. राजा जेवायला बसला की त्याने ती म्हणायची, आणि राजाने त्याला रोज शंभर कहापण द्यायचे, असे ठरले. राजा हळूहळू द्रोणावरून नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले तेव्हा आपल्याच हातापायांवरून हात फिरवीत त्याने भगवंतांचे उपकार मानले.

आजी ही गोष्ट ऐकून हसली. म्हणाली, "म्हंजे राजाला बी कोनीतरी राखणदार लागला व्हय?" मग तिलाच राखणदार केले. रोजचे २८५ कॅलरींचे अन्न सकाळी आईने एका डब्यात काढून ठेवायचे आणि डबा आजीच्या ताब्यात द्यायचा. राणीला जे काही मिळेल ते त्या डब्यातून आणि आजीच्या हातूनच मिळेल, दुसऱ्या कोणाच्या नाही. चार वेळा द्या, दहा वेळा द्या, संध्याकाळी डबा रिकामा झाला की संपले. देण्याचा आनंद आजीकडे राहिला, उलट घरातल्या इतरांचा तिच्याकडे आला. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली ही एकच गोष्ट खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

डब्यात काय होते ते सांगतो. बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी ८० ग्रॅम, शिजवलेला भात छोटी अर्धी वाटी, अर्धे उकडलेले अंडे, आणि उकडलेला लाल भोपळा किंवा फरसबी. पशुवैद्यांनी दिलेली कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड वेगळी. नुसती चपाती-दुधाची मात्रा निम्मी करून चालत नाही, कारण तिच्यात कुत्र्याला लागणारी प्रथिने आधीच कमी असतात. ती निम्मी केली तर चरबीबरोबर मांसही झडते. तयार खाद्य देणाऱ्यांनी ते वाटीने न मोजता काट्यावर मोजावे. लहान कुत्र्याला दहा-वीस ग्रॅमचा फरकही भारी पडतो. खर्चाचे म्हणाल तर बिस्किटांचे पुडे आणि दूध वजा जाता या घराला महिन्याकाठी फारसा फरक पडला नाही. मधल्या वेळेच्या खाऊसाठी गाजराचे, काकडीचे बारीक तुकडे ठेवले. पहिले दोन दिवस राणीने ते हुंगून टाकले, तिसऱ्या दिवशी खाल्ले.

काही पदार्थ तर वजनाचा प्रश्न नसतानाही देऊ नयेत. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे ही कुत्र्याला विषासारखी आहेत. वैशाखी पौर्णिमेला घरोघरी खीर होते, तिच्यात मनुका असतात, तेव्हा ती खीर कुत्र्यापुढे ठेवू नका. कांदा घातलेला रस्साही नको. शिजवलेली हाडे फुटून घशात, आतड्यात रुततात. मटणाची चरबी, तळलेले यामुळे लहान कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतते. सुकट-बोंबील खारट, तेही नको.

व्यायामाबद्दल लोकांचा एक गोड भ्रम असतो : खाऊ दे, फिरवून आणतो. हिशेब करा. आठ किलोच्या कुत्र्याने एक बिस्किट खाल्ले तर ते जिरवायला ढोबळमानाने अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. चार बिस्किटे म्हणजे दादरहून विरारच्या वाटेला लागल्यासारखे झाले. वजन उतरते ते ताटात. चालण्याने सांधे मोकळे होतात, मांस टिकते, जीव रमतो, आणि हेही कमी नाही.

राणीला सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटेच फिरवले. दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवली. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घेतला, कारण गळ्याला ओढ बसली की श्वासनलिकेवर ताण येतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच न्यावे. हाताची पालथी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. लठ्ठ कुत्र्याला पळवू नये, सायकल-मोटारसायकलीला बांधून तर कधीच नाही. ते मेहनतीचे लक्षण नव्हे, क्रौर्य आहे. जिनेही उचलून उतरवावेत. धाप वाढली, जीभ गडद झाली, कुत्रे मध्येच बसले की थांबावे.

पण जुलै-ऑगस्टात मुंबईत फिरवायचे कुठे? पाऊस चार-चार दिवस थांबत नव्हता. मग गॅलरी कामाला आली. मुलगा एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला, आणि डब्यातलाच कोंबडीचा नखाएवढा तुकडा दाखवून हाका. राणी या टोकापासून त्या टोकापर्यंत दुडूदुडू धावायची, शेजारचे दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. कधी भाताचे दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून दिले, कधी घरात चार कोपऱ्यांत लपवले. अन्न तेवढेच, पण ते शोधताना अर्धा तास जायचा. आजी बसल्या जागेवरून कोपरे दाखवायची, हा नियमभंग सर्वांनी चालवून घेतला.

वजन दर रविवारी. इतक्या लहान कुत्र्यासाठी शंभर ग्रॅम दाखवणारा काटा हवा, म्हणून खालच्या किराणा दुकानातला काटा ठरला. वहीत तारीख आणि वजन मुलगी लिहायची. उतरण्याचा वेग आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के असावा, म्हणजे राणीसाठी ८० ते १६० ग्रॅम. त्याहून झपाट्याने उतरले तर ते बरे लक्षण नव्हे. पहिल्या रविवारी ८.४, दुसऱ्या रविवारी ८.३. तिसऱ्या रविवारी पुन्हा ८.४. चौथ्या रविवारीही ८.४.

घरात चुळबूळ सुरू झाली. संशय अर्थात आजीवर. आजी रडकुंडीला आली. तिने डबा उलटा करून दाखवला, चपात्या मोजून घ्या म्हणाली. मुलीने मात्र वेगळा विचार केला. तिने एक दिवस शाळेला सुट्टी असताना भाऊ राणीला फिरवायला निघाला तेव्हा गॅलरीतून खाली पाहत राहिली. राणी रस्त्याकडे वळण्याऐवजी सरळ किराणा दुकानाच्या फळीपाशी जाऊन मागच्या दोन पायांवर उभी राहिली. भाऊ मोबाइलमध्ये. दुकानदाराने बरणी उघडली आणि अख्खा टोस्ट तिच्या तोंडात दिला. जाताना एक, येताना एक, सकाळ-संध्याकाळ. ज्याच्या काट्यावर वजन होत होते, तोच वजन वाढवत होता! दुकानदार भला माणूस. त्याला सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं घरी उपाशी ठेवतात की काय, एवढी आशेनं बघते." त्याच्याही बरणीशेजारी मग काकडीच्या तुकड्यांची एक छोटी डबी आली. आजीने मात्र नातवाशी दोन दिवस अबोला धरला, आणि आमच्या मते तो अबोला रास्त होता.

'आशेने बघते' हे खरे आहे, आणि घरोघरी हार होते ती इथेच. कुत्रे पोट भरलेले असतानाही ताटाकडे बघते. मागितल्यावर एकदा मिळाले की ते शंभरदा मागते. माणसे जेवायला बसण्याआधी राणीला तिचा हिस्सा देऊन गॅलरीत बसवायची पद्धत घातली. चार-पाच दिवस भुंकली, मग सवय झाली. बऱ्याचदा त्या बघण्यात भूक नसतेच, सोबत हवी असते. तेव्हा पाठीवरून हात फिरवावा, केस विंचरावेत. स्पिट्झला केस विंचरून घ्यायला फार आवडते.

चौथ्या रविवारनंतर काटा हलू लागला. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा राणी ७ किलो ४०० ग्रॅमवर होती. पुढे थंडीत वेग मंदावला. हे सर्वत्र होते, अशा वेळी घाबरून अन्न आणखी तोडू नये, पशुवैद्यांना विचारावे. माणसांच्या वजन उतरवण्याच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या तर चुकूनही देऊ नयेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये वजन ६ किलो ६०० ग्रॅम भरले. पलंगावर ती एव्हाना पुन्हा उडी मारू लागली होती, पण पशुवैद्यांनी त्या उड्यांना मनाई केली आणि पलंगाशी एक पाट ठेवायला सांगितला.

वजन ठरल्या जागी आले की काम संपत नाही. अन्न एकदम पूर्वीसारखे सुरू केले तर सहा महिन्यांत सगळे परत येते. दहा टक्क्यांनी अन्न वाढवावे, दोन आठवडे वजन पाहावे, उतरत राहिले तर आणखी थोडे वाढवावे, आणि ज्या मात्रेवर काटा स्थिर राहील तीच पुढची मात्रा. राणीची ती साधारण ३५० कॅलरींवर ठरली. डबा अजून आजीकडेच आहे. वजन आता महिन्यातून एकदाच होते, पहिल्या रविवारी, विहारातून परत येताना. दुकानदार काटा आधीच पुसून ठेवतो.